अध्याहृत लिपी

'अध्याहृत' हा शब्द आपण सारेच व्याकरणाच्या तासाला शिकलो, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण तो आता शिकवतात. 'उद्या ये' या वाक्यात 'तू' कोठेही उच्चारलेला नसतो. तरी तो असतोच, आणि त्याच्यावाचून वाक्य उभे राहत नाही. जे सांगावे लागत नाही ते अध्याहृत. संगणकाच्या व्यवहारात याच कल्पनेला 'डीफॉल्ट' म्हणतात: वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर यंत्र जे गृहीत धरते ते. गेल्या साडेतीन दशकांत जगभरच्या संगणकांची अध्याहृत लिपी बदलली. पूर्वी ती रोमन होती. आता, निदान तत्त्वतः, ती सर्व लिपींना सामावून घेणारी युनिकोड संहिता आहे. हा बदल अभियंत्यांनी घडवला, आणि बहुधा म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. आमच्या मते मात्र तो मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातला एक प्रसंग आहे. खिळामुद्रण येणे आणि खिळामुद्रण जाणे यांच्या शेजारी त्याला जागा मिळाली पाहिजे.

ही हकीकत आम्ही पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात उभे राहून सांगू इच्छितो. त्याचे कारण ओघात स्पष्ट होईल.

१

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० मध्ये चार गावे एकत्र येऊन नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा विस्तार चाकणच्या माळरानापर्यंत पोहोचला. या प्रदेशाचा अलिखित धर्म म्हणजे प्रमाणीकरण. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपात कातलेला बोल्ट चाकणच्या कारखान्यातल्या नटात बसतो. कारण दोघांनी एकमेकांना पाहिलेले नसले तरी दोघांनी एकच मानक पाहिलेले असते. भारतीय मानक ब्यूरोच्या दप्तरात पोलादी नट-बोल्टांसाठी आय.एस. १३६७ हे मानक आहे. त्याच ब्यूरोने १९९१ साली आय.एस. १३१९४ हे मानक प्रसिद्ध केले. ते नट-बोल्टांचे नव्हते, अक्षरांचे होते.

या मानकाचे रूढ नाव 'इस्की'. त्याची मुळे आयआयटी कानपूरमध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांत झालेल्या कामात होती. १९८८ साली पुण्यात 'सीडॅक'ची स्थापना झाली आणि भारतीय लिपींचे 'जिस्ट' तंत्रज्ञान तेथे रुजले. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारापासून पिंपरी काही मैलांवर. अक्षरांचे मानक घडवणारे आणि सुट्या भागांची मानके पाळणारे असे जवळजवळ शेजारी होते.

इस्कीमागची कल्पना साहित्याच्या माणसाला सहज भावेल अशी आहे. अक्षर कसे दिसते ते साठवायचे नाही. ते कसे उच्चारले जाते ते साठवायचे. 'कि' या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण उच्चारात 'क' आधी येतो. इस्की 'क' आधी ठेवते आणि वेलांटी नंतर. कागदावर तिची जागा बदलण्याचे काम यंत्राचे. जोडाक्षरेही अशीच: घटक वर्ण आणि त्यांच्यामधले हलन्त चिन्ह एवढेच साठवायचे, आकार जुळवणे हे नंतरचे काम. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींचा पाया एकच असल्याने देवनागरी, गुजराती, कन्नड, तमिळ या साऱ्यांना एकच सारणी पुरत असे.

त्याच १९९१ सालच्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. म्हणजे आज जगातला प्रत्येक संगणक मराठी अक्षरे ज्या क्रमाने ओळखतो, त्या क्रमाचा पूर्वज भारतीय आहे. युनिकोड ही परदेशातून लादलेली व्यवस्था आहे, असे म्हणणाऱ्यांनी एवढी वंशावळ ध्यानात ठेवावी.

२

मानक असणे आणि मानक पाळले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या. १९९० च्या दशकात मराठी पुस्तके, नियतकालिके आणि लग्नपत्रिका ज्या संगणकांवर जुळल्या, त्या संगणकांना इस्कीही कळत नव्हती आणि युनिकोडही. त्यांना २५६ चौकटींचा एक रोमन खण तेवढा ठाऊक होता. तेव्हा फाँट तयार करणाऱ्यांनी एक चतुर मार्ग काढला: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. काना एका चौकटीत, अर्धा 'त' दुसरीत, रफार तिसरीत. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहिला. फक्त तो मराठी पेहराव करून पडद्यावर येई. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण ही त्या काळातली घरोघर माहीत असलेली नावे. प्रत्येकाची तुकडे मांडण्याची रीत निराळी.

या रीतीला आज आपण 'जुने फाँट' म्हणून हिणवतो. आम्हांला तो हिणकसपणा मान्य नाही. ही खिळ्यांच्या केसची थेट वारस होती. जुळारी 'कि' जुळवताना वेलांटीचा खिळा आधी उचलत असे. या फाँटांतही वेलांटी आधीच टंकावी लागे. टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी जी खटपट केली, तिच्याशी या २५६ चौकटींच्या काटकसरीचे नाते आहे. रोटरी आणि ऑफसेटच्या काळात मराठी छपाई स्वस्त झाली, लघुनियतकालिके चालू राहिली, जिल्ह्याच्या गावी पुस्तके निघू लागली, यात या फाँटांचा वाटा मोठा आहे.

पण खिळ्यांत आणि या फायलींत एक मूलभूत फरक होता, आणि तो त्या वेळी फारच थोड्यांच्या लक्षात आला. खिळे वितळवले तरी छापलेला कागद राहतो आणि कागद कोणालाही वाचता येतो. फाइल ही मात्र पुढच्या वाचनासाठी ठेवलेली वस्तू. तिच्यात शब्द नव्हते, आकारांचे क्रमांक होते. आणि त्या क्रमांकांचा अर्थ फक्त त्या एका फाँटला ठाऊक होता. फाँट गेला की अर्थ गेला. एका फाँटातला लेख दुसऱ्यात उघडला तर कचरा दिसे. शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, शब्दसूची करता येत नसे. १९९० ते २०१० या दोन दशकांतल्या मराठी साहित्याचा मोठा भाग याच रूपात साठवलेला आहे.

३

आता कारखान्याच्या दुसऱ्या दाराने आत येऊ. प्रोग्रामरांच्या भाषेत 'लायब्ररी' म्हणजे पुस्तकांचे दालन नव्हे. ते तयार सुट्या भागांचे भांडार. खिडकी, बटण, यादी, मजकुराची चौकट असे भाग कोणीतरी एकदा घडवून ठेवतो आणि हजारो प्रोग्रामर ते उचलून आपापल्या यंत्रात बसवतात. मोटारीचा कारखाना प्रत्येक स्क्रू स्वतः करीत नाही, तसेच हे. यांतली काही भांडारे विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही व्यवस्थांवर चालतात.

असेच एक भांडार म्हणजे 'डब्ल्यूएक्सविजेट्स'. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात त्याची सुरुवात केली. ध्वनिसंपादनाचे 'ऑडॅसिटी' आणि अनुवादकांच्या उपयोगाचे 'पोएडिट' ही त्यावर उभी राहिलेली परिचित साधने. दीर्घकाळ या भांडाराचे दोन अवतार मिळत: एक 'अँसी', दुसरा युनिकोड. पहिल्यात मजकूर स्थानिक कोडपृष्ठाप्रमाणे साठवला जाई, दुसऱ्यात जगातली सारी अक्षरे मावत. प्रोग्रामरने काही न सांगता भांडार उभारले तर पहिला अवतार मिळे. दुसरा हवा असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागे. शिवाय आज्ञावलीतल्या प्रत्येक अवतरणाभोवती एक ठरावीक वेष्टन घालावे लागे.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. विंडोज ९५ आणि ९८ यांना युनिकोड नीट पेलत नसे. ज्या यंत्रांवर चालायचे ती यंत्रेच जुनी, तर भांडार पुढे कसे जाणार? विंडोज २००० बरोबर देवनागरीचा आधार आला. त्यासोबतचा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांच्या हातचा. सुलेखनकार आणि मराठी कवी असा दुहेरी लौकिक असलेल्या या माणसाचे अक्षर जगभरच्या विंडोज संगणकांवर पोहोचले, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासक्रमात कोठेतरी यायला हवी. पुढे जुन्या विंडोज मागे पडत गेल्या. डब्ल्यूएक्सविजेट्सच्या २.९ या मालिकेत दोन्ही अवतारांचे एकत्रीकरण झाले आणि २०१३ साली ३.० या स्थिर आवृत्तीत ते सर्वांपर्यंत पोहोचले. त्यानंतर काही न सांगणाऱ्याला युनिकोड मिळू लागले. जुने हवे असेल तर ते मागावे लागे. वेष्टनांचीही गरज उरली नाही.

'पायथन' या भाषेत हेच २००८ साली घडले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत साधे अवतरण म्हणजे नुसत्या बाइटांची रांग. युनिकोड मजकूर हवा असेल तर अवतरणाआधी एक खूण करावी लागे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा संबंध उलटा केला: आता साधे अवतरण युनिकोड आणि बाइट हवे असतील तर खूण. जुन्या आज्ञावल्या यामुळे मोडल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीला अखेरचा निरोप द्यायला २०२० साल उजाडले. एका खुणेची जागा बदलायला बारा वर्षे लागली.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसले असेल. प्राग संप्रदायाच्या ट्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन यांनी चिन्हित आणि अचिन्हित असा भेद केला. द्वंद्वातले एक पद खूण अंगावर बाळगते, दुसरे बिनखुणेचे असते. आणि बिनखुणेचे पद नेहमी सामान्य, स्वाभाविक, मूळचे वाटते. 'लेखक' म्हटले की पुरुष गृहीत आणि 'लेखिका' म्हटले की स्त्री सांगावी लागते, हा त्यातला आपल्या रोजच्या वादाचा नमुना. १९९० च्या दशकातल्या प्रोग्रामांत रोमन लिपी अचिन्हित होती. मराठी चिन्हित होती. भांडाराचा डीफॉल्ट बदलणे म्हणजे कोणालाही नवा हक्क देणे नव्हे. हक्क मागावा लागण्याची स्थिती संपवणे.

मराठीच्या दृष्टीने हा बदल इतरांपेक्षा अधिक महत्त्वाचा होता, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. रशियन, ग्रीक, थाई, जपानी या भाषांना जुन्या विंडोजमध्ये स्वतःची कोडपृष्ठे होती. 'अँसी' अवतारातला प्रोग्राम मॉस्कोत रशियन दाखवू शके. देवनागरीला असे कोडपृष्ठ विंडोजने दिलेच नाही. तिला थेट युनिकोडमध्येच प्रवेश मिळाला. तेव्हा रशियनसाठी जुना अवतार ही गैरसोय होती. मराठीसाठी ती बंद असलेली वेस होती.

आता कल्पना करावी. या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यासाठी कोणी हजेरीचा प्रोग्राम लिहितो. मागणी इंग्रजीची आहे; युनिकोडचा विचार करण्याचे कारणच नाही; भांडार जसे मिळाले तसे त्याने वापरले. काही वर्षांनी कोणाला वाटते की कामगारांची नावे मराठीत असावीत. नाव टंकले जाते, साठवले जाते आणि परत उघडल्यावर प्रश्नचिन्हांची एक रांग दिसते. कोणीही मराठीला नकार दिलेला नाही. नकार अध्याहृत होता.

या प्रश्नचिन्हांविषयी अभ्यासकांनी एक बारकावा समजून घ्यावा, कारण जुन्या फायली हाताळताना तो उपयोगी पडतो. पडद्यावर मराठी बिघडते ती तीन प्रकारे. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे. फक्त योग्य फाँट नाही. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर बहुधा शाबूत आहे, पण चुकीच्या किल्लीने वाचला जात आहे. किल्ली सापडली तर तो परत मिळेल. प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मात्र सारे संपले. कारण प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले आहे. पहिल्यात अक्षर नागडे आहे, दुसऱ्यात वेशांतरित, तिसऱ्यात मृत. कचरा पाहून फाइल फेकून देणाऱ्याने जिवंत माणसाला मूठमाती दिली असे समजावे.

४

डीफॉल्ट बदलला की सारे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. या पट्ट्याच्या बोलीतले दोन शब्द घेऊ: 'शेतकऱ्यांच्या' आणि 'ॲप्रेंटिस'. पहिला जमिनी संपादन होण्यापूर्वीचा, दुसरा नंतरचा. एका घरात बाप पहिल्या शब्दाचा आणि मुलगा दुसऱ्या शब्दाचा धनी, अशी उदाहरणे खेड तालुक्यात शोधावी लागत नाहीत. योगायोग असा, की मराठीला युनिकोडशी जे दोन झगडे करावे लागले ते नेमके या दोन शब्दांतल्या अक्षरांवरून.

'शेतकऱ्या'तला 'ऱ्य' घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' दिले ते गुरूला आणि 'आचाऱ्यास' दिले ते स्वयंपाक्याला. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. भेद केवळ अर्थाचा नाही, वृत्ताचाही आहे: 'दर्या'तला 'द' गुरू, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, 'दऱ्या'तला 'द' लघूच राहतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट 'ऱ' या स्वतंत्र वर्णाची. हा वर्ण मुळात द्राविड भाषांतला र देवनागरीत लिहिण्यासाठी सारणीत आहे. इस्कीच्या प्रथेला अनुसरून मराठीने तो आपल्या अर्ध्या रासाठी उसना घेतला. दुसरी वाट साध्या रापुढे हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह ठेवण्याची. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून तीही उघडी ठेवली गेली. दोन्हींचा आकार डोळ्यांना सारखाच दिसतो. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रूपाने शोध घेणाऱ्याला दुसऱ्या रूपातला 'शेतकऱ्यांचा' सापडत नाही. 'कुऱ्हाडे' आडनावाचा माणूस एकाच यादीत असूनही नसल्यासारखा होऊ शकतो.

'ॲ'ची कथा वेगळी. ॲप्रेंटिस, ॲसेंब्ली, ॲक्सल, ॲल्युमिनियम: हा कारखान्याच्या मराठीतला स्वर आहे. व्यंजनावरचा चंद्र सारणीत आधीपासून होता. पण स्वतंत्र 'ॲ' नव्हता. लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवत. काही यंत्रांत तो नीट बसे, काहींत ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत राही. २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मराठीसाठी 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने आपली वर्णमाला प्रमाणित केली आणि तीत 'ॲ' व 'ऑ' यांना स्थान दिले. पण जुने जोडरूप आणि नवा वर्ण यांना युनिकोड समतुल्य मानत नाही. येथेही डोळ्यांना एक, यंत्राला दोन.

आणि मोडी? तिला २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत प्रवेश मिळाला. पण तिची जागा पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडे आहे. युनिकोड म्हणजे सोळा बिट, अशी समजूत धरून घडवलेल्या भांडारांना त्या वस्तीत जायला वळसा घ्यावा लागतो. म्हणजे अध्याहृताचेही पुन्हा एक अध्याहृत असते. पेशव्यांच्या दप्तराची लिपी त्या दुसऱ्या दाराशी बराच काळ उभी होती.

५

या साऱ्यातून साहित्याच्या विद्यार्थ्याने घ्यायचे काय?

आमच्या मते, पहिली गोष्ट ही की जुन्या फाँटातून युनिकोडात मजकूर आणणे हे कारकुनी काम नाही. ती पाठचिकित्सा आहे. या पट्ट्याच्या कडेने इंद्रायणी वाहते. तिच्या काठी देहू आहे आणि आळंदी आहे. आळंदीत समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांच्या ग्रंथाची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, कारण नकलांमागून नकला होताना पाठ बिघडला होता. रूपांतर करणारा प्रोग्रामही नक्कलनवीसच आहे. तो रफार एका अक्षराने पुढे ढकलतो, वेलांटी शेजाऱ्याला देतो, 'ऱ्य'चा 'र्य' करतो आणि आचाऱ्याचा आचार्य करून टाकतो. मूळ छापील प्रत हाती घेऊन हे तपासणारा माणूस मराठीचाच लागेल. अभियंत्याला ही चूक दिसणार नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

दुसरी गोष्ट मुळाची. रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल टाकू नये. ती आणि तिचा फाँट दोन्ही जपून ठेवावीत. पोथी मिळाल्यावर आपण तिची लिपी, कागद, शाई यांची नोंद करतो. फाइलीच्या बाबतीत फाँटचे नाव आणि आवृत्ती ही तीच नोंद होय.

तिसरी गोष्ट मोजणीची. संगणकाच्या साहाय्याने शैलीचा किंवा शब्दसंख्येचा अभ्यास आता आपल्याकडेही होऊ लागला आहे. ज्याने 'ऱ्य' आणि 'ॲ' यांची दुहेरी रूपे आधी एक करून घेतली नाहीत, त्याची गणना पहिल्याच पायरीवर चुकलेली असेल. ग्रामीण कादंबरीतला 'शेतकऱ्या' अर्धाच मोजला जाईल आणि कामगार कवितेतला 'ॲप्रेंटिस'ही अर्धाच. छंदाची मात्रामोजणी यंत्रावर सोपवणाऱ्यालाही हेच लागू.

नट-बोल्टांच्या या प्रदेशात एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते: मानक चांगले असले की ते दिसत नाही, दिसते ते गाडीचे चालणे. अक्षरांचेही तसेच व्हायला हवे. आज विद्यार्थी भ्रमणध्वनीवर मराठी लिहितो तेव्हा त्याला कोणतीही खूण करावी लागत नाही, कोणतेही वेष्टन घालावे लागत नाही. आपली लिपी गृहीत धरली गेली आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. हे न येणे म्हणजेच या इतिहासाचे यश. मात्र जे ध्यानात येत नाही ते बिघडले तरी ध्यानात येत नाही. म्हणून व्याकरणाचा मास्तर जसा अधूनमधून विचारतो, तसे आपणही विचारत राहावे: या वाक्यात अध्याहृत काय आहे?